नोंदीचा भार कोणावर, नोंदीचा लाभ कोणाला?

आरोग्याच्या क्षेत्रात संगणकाचा वापर किती वाढला हे सांगताना शासकीय निवेदनांत मोठमोठ्या संख्यांचा आधार घेतला जातो. इतक्या कोटी नागरिकांना आरोग्य क्रमांक मिळाले, इतकी रुग्णालये जोडली गेली, इतक्या नोंदी जमा झाल्या, अशी ही मांडणी असते. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेल्या आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झालेल्या योजनेखाली १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ७० कोटींहून अधिक नागरिकांना देण्यात आले आहेत. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु क्रमांक मिळणे म्हणजे नोंद होणे नव्हे, आणि नोंद होणे म्हणजे खरी नोंद होणे नव्हे. बँकेत खाते उघडले म्हणजे त्यात शिल्लक जमा झाली असे कोणी मानीत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र हा भेद सोयीस्करपणे विसरला जात आहे.

केंद्रीय संग्रह हे कोठार आहे; धान्य शेतातच पिकावे लागते. आरोग्यविषयक माहितीचे शेत म्हणजे गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरातील दवाखाना आणि प्रसूतिगृह. तेथे ही माहिती कोणी लिहावयाची, केव्हा आणि किती ठिकाणी लिहावयाची, ती वर कशी पाठवावयाची, आणि लिहिलेले चुकले तर कोणी दुरुस्त करावयाचे, हे प्रश्न सामान्यतः संगणकतज्ज्ञांवर सोपविले जातात, कारण ते केवळ तांत्रिक आहेत अशी समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने नोंद ही एक उत्पादित वस्तू आहे. तिला उत्पादनखर्च असतो. तो खर्च एकजण सोसतो आणि लाभ पुष्कळदा दुसराच घेतो. नोंदी सादर करण्याची व अद्ययावत ठेवण्याची पद्धत निवडणे म्हणजे या खर्चाची आणि लाभाची वाटणी ठरविणे होय. वाटणी विषम असेल, तर उत्तमातील उत्तम यंत्रणाही अपुऱ्या किंवा खोट्या माहितीने भरून जाते.

न नोंदलेली दुःखे

हा विषय वरवर कारकुनी वाटतो. परंतु त्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतील ‘सर्च’ ही संस्था आणि राज्यातील अन्य स्वयंसेवी संस्था यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. घरोघर जाऊन केलेल्या मोजणीत आढळलेले बालमृत्यू आणि सरकारी दप्तरात नोंदले गेलेले बालमृत्यू यांत मोठी तफावत असल्याचे त्यातून उघड झाले. मुले मरत होती. कागदावर मात्र ती मरत नव्हती. जो मृत्यू नोंदला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, औषध पाठविले जात नाही आणि कोणाला जाबही विचारला जात नाही.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढून टाकली जात असल्याची चर्चा २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा अशा शस्त्रक्रिया नेमक्या किती झाल्या हे कळण्यासाठी शासनाला समिती नेमून या स्त्रियांचे सर्वेक्षण करावे लागले. यांपैकी पुष्कळ शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. प्रत्येक शस्त्रक्रियेचा कागद कोठे ना कोठे तयार झालाच असणार. परंतु त्या कागदांची बेरीज वेळेवर करू शकेल असा मार्गच अस्तित्वात नव्हता. पहिल्या उदाहरणात सार्वजनिक यंत्रणेची नोंद अपुरी होती; दुसऱ्यात खाजगी क्षेत्राची नोंद सार्वजनिक यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. नोंदी सादर करण्याची कोणतीही पद्धत या दोन कसोट्यांवर घासून पाहिली पाहिजे.

कोतवाल बुकापासून पोर्टलपर्यंत

जन्ममृत्यूची नोंद ठेवणे आपल्याकडे नवे नाही. गाव नमुना १४, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ‘कोतवाल बुक’, हे गावातील जन्ममृत्यूंचे दप्तर होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा हीच जीर्ण पुस्तके तहसील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांतून बाहेर काढावी लागली. ज्याने ती नोंद केली त्या कोतवालाला, आपण लिहिलेला शब्द पुढे कोणाच्या पणतवंडाच्या भवितव्याशी जोडला जाईल, याची कल्पनाही नसेल. नोंदीचे आयुष्य तिच्या मूळ हेतूपेक्षा मोठे असते, आणि म्हणूनच ती सुरुवातीलाच खरी असणे अगत्याचे असते.

स्वातंत्र्यानंतर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने या कामाला देशव्यापी कायद्याची चौकट मिळाली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि २००८ मध्ये ‘एचएमआयएस’ हे पोर्टल आले. त्यात व्यक्तींची नावे नसत. महिन्याकाठी इतक्या गरोदर माता तपासल्या, इतक्या बालकांना लस दिली, अशा बेरजा असत. पुढल्याच वर्षी प्रत्येक मातेची व बालकाची नावानिशी नोंद ठेवणारी वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि पुढे तिची जागा ‘आरसीएच’ पोर्टलने घेतली. २०१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी ‘निक्षय’ आले. २०१६ पासून आरोग्यसेविकेच्या हाती टॅबलेट देऊन ‘अनमोल’ या ॲपद्वारे थेट नोंदी घेण्याचा उपक्रम सुरू झाला. २०२१ मध्ये साथरोग सर्वेक्षणासाठी नवे व्यासपीठ, अंगणवाडीसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आणि कोविड लसीकरणासाठी ‘कोविन’ आले. त्यानंतर नेहमीच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’ आले. प्रत्येक पोर्टलचा हेतू स्तुत्य आहे. परंतु नवे आले म्हणून जुने बंद झाले असे क्वचितच घडले, आणि अनेक ठिकाणी टॅबलेट आला तरी कागदी रजिस्टर सुटले नाही.

एका बालकाच्या नोंदी किती?

परिणामी आज एकाच बालकाचा जन्म जन्मनोंदणीच्या पोर्टलवर, त्याच्या आईची प्रसूती आरसीएचमध्ये, त्याच्या लसी यू-विनवर, त्याचे वजन पोषण ट्रॅकरवर आणि या सर्वांची बेरीज एचएमआयएसमध्ये नोंदली जाते. कागदी रजिस्टर याहून वेगळे.

या श्रमाची किंमत काढून पाहणे कठीण नाही. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. डोंगराळ व आदिवासी भागात तो ३,००० आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे १५ धरला, तर सपाट भागातील एका उपकेंद्राच्या क्षेत्रात वर्षाला ७५ जन्म होतील. गरोदरपणातील तपासण्या, प्रसूती, नंतरच्या भेटी आणि दीड-दोन वर्षांपर्यंतच्या लसी मिळून एका माता-बालकाच्या जोडीमागे किमान १२ प्रसंग नोंदवावे लागतात असे समजू. म्हणजे ९०० प्रसंग झाले. एका ठिकाणी एक नोंद करण्यास ५ मिनिटे लागतात असे गृहीत धरले, तर ही सारी नोंद एकदाच करण्यास ७५ तास लागतील. तीच नोंद ३ ठिकाणी करावयाची तर २२५ तास. फरक १५० तासांचा, म्हणजे ८ तासांच्या दिवसाने जवळजवळ १९ कामाच्या दिवसांचा आहे. आणि हा हिशेब केवळ माता-बालकांचा झाला. क्षय, हिवताप, मधुमेह, रक्तदाब यांच्या नोंदी अजून मोजलेल्याच नाहीत.

हे १९ दिवस येतात कोठून? आरोग्यसेविकेच्या गृहभेटींतून. ज्या वेळात ती अशक्त गरोदर स्त्रीच्या घरी जाऊन आली असती, त्या वेळात ती पूर्वी लिहिलेलेच पुन्हा लिहीत बसते. अर्थशास्त्रात याला संधित्यागाची किंमत म्हणतात. आशा कार्यकर्तीची स्थिती तर याहून बिकट आहे, कारण तिला नियमित वेतन नाही. कामागणिक मोबदला आहे. शासनाच्या हिशेबी हा श्रम जवळजवळ फुकट असल्यामुळे नवे पोर्टल काढताना त्याची किंमत कोणी विचारात घेत नाही, आणि जी वस्तू फुकट मिळते ती उधळली जाते.

या उधळपट्टीविरुद्ध आवाज उठलाच नाही असे नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल निकृष्ट आहेत, त्यांत ॲप धड चालत नाही आणि ते इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काहींनी यात नव्या साधनांना विरोध पाहिला. वस्तुतः ती उत्पादन-साधनाविषयी कामगाराने केलेली तक्रार होती. बोथट विळा हाती देऊन कापणीचा हिशेब मागणारा मालक आणि हे खाते यांत फारसा फरक नाही.

चार पद्धती, चार किमती

नोंदी वर पाठविण्याच्या पद्धती मुख्यतः चार आहेत. पहिली, कागदी रजिस्टरावरून महिन्याच्या शेवटी बेरजा काढून मासिक अहवाल पाठविण्याची. ती स्वस्त आहे आणि वीज व नेटवर्क नसले तरी चालते. परंतु बेरजेत व्यक्ती हरवते. लस न मिळालेली ७ बालके आहेत एवढे कळते, पण ती कोणती हे कळत नाही.

दुसरी पद्धत, रजिस्टर तालुक्याच्या ठिकाणी नेऊन डेटा एन्ट्री ऑपरेटरकडून भरून घेण्याची. तीत सेविकेचा वेळ वाचतो. मात्र लिहिणारा आणि भरणारा यांत अंतर पडते. अक्षर लागत नाही, एखादा रकाना कोरा असतो, आणि ज्याने त्या रुग्णाला कधी पाहिले नाही तो मनाने तारीख घालतो. शिवाय आठ-पंधरा दिवसांनी चढविलेली नोंद उपचाराच्या कामी येत नाही. ती फक्त अहवालाच्या कामी येते.

तिसरी पद्धत, सेवा देणाऱ्यानेच जागेवर थेट नोंद करण्याची. तत्त्वतः ही सर्वोत्तम, कारण पाहणारा आणि लिहिणारा एकच असतो. परंतु तिला तीन अटी आहेत. साधन नेटवर्कविना चालले पाहिजे व मागाहून आपोआप जुळले पाहिजे. भाषा सेविकेची असली पाहिजे. आणि ही नोंद झाल्यावर दुसरी कोठेही करावी लागता कामा नये. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्यातील पाड्यावर पहिली अट पाळली जात नसेल, तर सेविका दिवसभर कागदावर लिहील आणि रात्री नेटवर्क सापडेल तेथे बसून पुन्हा भरील. म्हणजे तिसऱ्या पद्धतीच्या नावाखाली तिच्यावर दुसरी पद्धतच लादली जाईल, आणि तीही ऑपरेटरशिवाय.

चौथी पद्धत मोठ्या रुग्णालयांसाठी आहे. त्यांच्याकडे स्वतःची संगणक-प्रणाली असते, तेव्हा एकेक नोंद पुन्हा भरण्याऐवजी ठरावीक नमुन्यातील फाईल एकगठ्ठा पाठविणे किंवा दोन प्रणाली परस्पर जोडून देणे शक्य असते. प्रारंभीचा खर्च मोठा, परंतु पुढे प्रत्येक जादा नोंदीचा खर्च जवळजवळ शून्य, असे हे गणित आहे. ५०० खाटांच्या रुग्णालयाला ते परवडते. ५ खाटांच्या प्रसूतिगृहाला परवडत नाही. एकच पद्धत सर्वांवर लादण्याचा मोह म्हणूनच टाळावयास हवा. नोंदीचा नमुना देशभर एक असावा. ती सादर करण्याचा मार्ग मात्र संस्थेच्या कुवतीप्रमाणे असावा.

हा विवेक न पाळल्यास काय होते याचा अनुभव कोविन यंत्रणेने दिला. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ या वयोगटासाठी आधी इंटरनेटवरून नोंदणी करणे सक्तीचे होते. ज्यांच्याकडे साधने नाहीत त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने उपस्थित केला. लसीकरण केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्याची मुभा या वयोगटाला त्याच महिन्यात मिळू लागली. पुढे याच यंत्रणेने २०० कोटी मात्रांची नोंद पार केली, ती दोन्ही दारे उघडी राहिल्यामुळे.

आकडा जेव्हा लक्ष्य होतो

पद्धत कितीही सुबक असली तरी नोंद करणाराने खरे का लिहावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखवून दिले, की एखाद्या आकड्याचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्या आकड्याचे मोल ढासळू लागते. आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाने हा धडा फार महागात शिकविला आहे. साधनानिहाय लक्ष्ये ठरवून दिली जात, त्यावर बदल्या आणि बढत्या अवलंबून असत, आणि आकडे लक्ष्याबरहुकूम भरत. अखेर १९९६ मध्ये केंद्र शासनाने ही लक्ष्ये रद्द केली. तरीही पोर्टलवरील आलेखाचा रंग लाल असल्यास सेविकेला सभेत उभे करण्याची पद्धत पाहिली, म्हणजे लक्ष्य गेले तरी त्याची सावली उरली आहे असे म्हणावे लागते. बालमृत्यू नोंदविणारीलाच जर जाब द्यावा लागत असेल, तर ‘कोवळी पानगळ’मध्ये दिसलेली तफावत पुन्हा निर्माण होण्यास नवे पोर्टलही आड येणार नाही.

याउलट क्षयरोगाच्या कार्यक्रमातील अनुभव पाहण्यासारखा आहे. मे २०१२ मध्ये क्षयरोग हा शासनास कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरला. पण खाजगी डॉक्टरांकडून येणाऱ्या नोंदी केवळ हुकुमाने वाढल्या नाहीत. पुढे कळविल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचाराचे फलित कळविल्याबद्दल आणखी ५०० रुपये असा मोबदला डॉक्टरांना देऊ करण्यात आला. २०१८ मध्ये न कळविणाऱ्यांवर कारवाईची तरतूदही झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. या काळात खाजगी क्षेत्राकडून येणाऱ्या नोंदींत लक्षणीय वाढ झाली. यातील मर्म असे, की रुग्णाच्या नावात किंवा खातेक्रमांकात चूक असेल तर पैसे मिळत नाहीत, आणि पैसे मिळाले नाहीत की रुग्ण स्वतः चौकशीला येतो. नोंद खरी असण्यात त्याचा स्वार्थ गुंतलेला असतो. कोविडच्या प्रमाणपत्राचेही असेच झाले. प्रवासासाठी ते आवश्यक ठरताच लोकांनी आपापली नावे व जन्मवर्षे दुरुस्त करून घेतली. ज्याला नोंदीचा उपयोग आहे तो तिचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दक्ष तपासनीस असतो, हे सूत्र दोन्ही ठिकाणी दिसते.

दुरुस्तीचा शिष्टाचार

नोंद सादर करण्यापेक्षाही ती अद्ययावत ठेवणे अवघड आहे, कारण माणसे एका जागी राहत नाहीत. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात. नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसरीकडे सासरचे. इंग्रजी अक्षरे दोन्हीकडे वेगळी. पहिल्या उपकेंद्राच्या दप्तरी ती स्त्री पाठपुराव्यातून निसटलेली असते आणि दुसऱ्याच्या दप्तरी ती तपासणी न झालेली असते. दोन्ही सेविका बोलणी खातात, आणि दोघींनीही आपले काम केलेले असते. दिवाळीच्या सुमारास बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे निघणाऱ्या ऊसतोडणी कुटुंबातील बालकाची अवस्था याहून वाईट. त्याच्या अर्ध्या लसी गावी आणि अर्ध्या कारखान्याच्या तळावर. केंद्रीय संग्रहाचे खरे समर्थन या बालकात आहे. नोंद बालकाबरोबर गेली पाहिजे, आणि तळावरील सेविकेला ती पाहण्याचा व तीत भर घालण्याचा अधिकार असला पाहिजे.

पण असा अधिकार सर्वांना दिला तर नोंदीची विश्वासार्हता कशी राहील? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जावे लागत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ मध्ये ते दिलेले आहे. चुकीची नोंद दुरुस्त करताना मूळ नोंदीत खाडाखोड करावयाची नाही. समासात दुरुस्ती लिहावयाची आणि तिच्याखाली सही व तारीख घालावयाची. इतका साधा आणि इतका शहाणपणाचा नियम आरोग्याच्या प्रत्येक पोर्टलला लागू व्हावयास हवा. जेथे जुन्यावर नवे लिहून जुने नाहीसे करता येते तेथे लबाडीला वाव मिळतो. आणि जेथे एकदा भरलेले वरच्या कार्यालयाच्या परवानगीविना बदलताच येत नाही तेथे प्रामाणिक चूक कायमची होऊन बसते. समासातील दुरुस्ती या दोन्ही टोकांच्या मधली वाट आहे.

रुग्णाच्या बाबतीत कायदा अद्याप अर्ध्या वाटेवर आहे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. परंतु आपल्या केस पेपरावर भलताच रक्तगट किंवा भलताच आजार लिहिला गेला आहे असे ज्या शेतकऱ्याला कळते, त्याने कोणाच्या टेबलाशी जावे हे सांगणारी व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी दिसत नाही. हक्क आहे, पण खिडकी नाही.

कोठार एक की अनेक?

शेवटचा प्रश्न संग्रहाच्या स्थानाचा. सर्व नोंदी एका जागी ठेवल्या तर शोधणे सोपे होते. परंतु चोरालाही एकच कुलूप फोडावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. इंग्लंडमध्ये कुटुंब-डॉक्टरांकडील नोंदी एका केंद्रीय संग्रहात आणण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना फेब्रुवारी २०१४ मध्ये थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये ती गुंडाळण्यात आली. तंत्र उपलब्ध होते; लोकांचा विश्वास नव्हता, कारण त्यांची माहिती कोणाच्या हाती जाणार हे त्यांना धड सांगितले गेले नव्हते. याउलट एस्टोनिया या छोट्या देशात २००८ पासून आरोग्याच्या नोंदींची राष्ट्रीय व्यवस्था चालू आहे, आणि आपली नोंद कोणी उघडून पाहिली हे तेथील नागरिक स्वतः तपासू शकतो.

आपल्या डिजिटल मिशनने मूळ नोंद रुग्णालयातच ठेवावी आणि रुग्णाच्या संमतीनेच ती दुसऱ्याला दाखवावी, हे तत्त्व स्वीकारले आहे. ते योग्य आहे. मात्र संमती म्हणजे नोंदणीच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलवर आलेला क्रमांक घाईने वाचून घेणे नव्हे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला अर्थ नसतो.

काय करावे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. तंत्रज्ञान झपाट्याने सुधारते आहे. आज बोटांनी भरावी लागणारी नोंद उद्या बोलून भरता येईल. मग या अडचणींचा एवढा ऊहापोह कशाला? याचे उत्तर असे, की तंत्रज्ञान नोंदीचा खर्च कमी करील, परंतु तो कोणी सोसावा हे ठरविणार नाही. प्रत्येक नव्या साधनाबरोबर नोंदींची मागणी वाढत गेली, हाच आजवरचा अनुभव आहे. नोंद स्वस्त झाली की कचेऱ्या अधिक नोंदी मागतात.

म्हणून काही नियम धोरण म्हणूनच स्वीकारले पाहिजेत. एक प्रसंग एकदाच नोंदला जाईल आणि बाकीची पोर्टले ती माहिती परस्पर घेतील, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. जे खाते नवी नोंद मागेल त्याने कोणती जुनी बंद केली हे आधी सांगावे. बेरजा काढण्याचे काम यंत्राचे असावे, सेविकेचे नसावे. ज्या गावांत नेटवर्क नाही तेथे कागदी नोंद हीच अधिकृत मानून ती चढविण्यासाठी तालुक्याला पगारी माणूस द्यावा. खाजगी रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्या वेळी ठरावीक नोंदी सादर केल्याची अट घालावी, आणि लहान प्रसूतिगृहांना त्यासाठी लागणारी साधी प्रणाली विनामूल्य पुरवावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नागरिकाला स्वतःची नोंद मराठीत वाचता येईल आणि समासात दुरुस्ती मागता येईल अशी सोय असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रामाणिकपणे लिहिलेल्या वाईट आकड्याबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये.

यासाठी पैसा लागेल हे उघड आहे. पण आज हा खर्च होत नाही असे नाही. तो आरोग्यसेविका आणि आशा आपल्या वेळातून भरीत आहेत, आणि त्यांना ज्या घरी पोहोचता आले नाही ती घरे आपल्या प्रकृतीतून भरीत आहेत. अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च हा कमी खर्च नसतो. तो फक्त दुबळ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. पोर्टलवर किती नोंदी चढल्या याची मोजदाद करणाऱ्यांनी, त्यांपैकी किती नोंदी पुन्हा त्या उपकेंद्रात परतून एखाद्या रुग्णाच्या उपयोगी पडल्या, याचीही मोजदाद सुरू करावी. कोठार किती भरले यावर शेतीचा कस ठरत नाही; पेरणाऱ्याच्या घरी धान्य परत आले की नाही, यावर तो ठरतो.